कुरळ्या केसांची समजूत

मैत्रिणींनो, आज आधी एक कबुली देते आणि मगच कृतीकडे वळते.

मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. सहावीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक नवी मुलगी बसली होती. दोन वेण्या घातलेल्या, पण त्यांतून चहूकडून बटा सुटलेल्या आणि कपाळावर नुसती भुरभुर. बाहेर पाऊस कोसळत होता. मी आपली सहज बोलून गेले, "अगं, उद्यापासून जरा केस विंचरून येत जा." वर्ग हसला. ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, विंचरलेत. आईनं दोनदा विंचरलेत." वर्ग आणखीच हसला. मी फळ्याकडे वळले आणि धडा सुरू केला. माझ्या लेखी विषय तिथंच संपला होता.

तो पुन्हा निघाला दिवाळीच्या सुट्टीनंतर, आणि तोही माझ्याच घरात.

माझी लेक दहा वर्षांची. तिच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. एका नाचात तिला घेतलं होतं. पण केस 'नीट बसत नाहीत' म्हणून मागच्या रांगेत उभं केलं. वर्गातल्या मुली तिला 'नूडल्स' म्हणतात, हेही त्याच वेळी कळलं. घरी येऊन तिनं एकच धोशा लावला, "मला पार्लरमध्ये नेऊन केस सरळ करून दे." मी नेहमीप्रमाणे "बघू गं" म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या केराच्या डब्यात मला एक कुरळी बट दिसली. शिवणाच्या डब्यातली कात्री बेसिनवर तशीच पडलेली होती. कपाळावरची बट मुळापासून कापून टाकली होती पोरीनं.

मला काय बोलावं ते सुचेना. कारण रागवायला तोंड होतं कुठं? माझे स्वतःचे केस सरळसोट. रोज सकाळी साडेसहाला घाईघाईत मी तिचे कोरडे केस बारीक दातांच्या फणीनं ओढत असे. ती कळवळायची आणि मी म्हणायची, "काय हे जंगल! तुझे केस म्हणजे नुसता वैताग आहे बाई." म्हणजे तिच्या केसांना पहिलं नाव ठेवलं ते शाळेतल्या मुलींनी नव्हे, मीच.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी नातीला जवळ बोलावलं. त्या कोकणातल्या, वय वर्षं बहात्तर. लग्नाला बारा वर्षं झाली, पण तेल लावून चापून बसवलेल्या अंबाड्याशिवाय त्यांचं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आकडे काढले, अंबाडा सोडला, हाताला थोडं पाणी लावून केसांतून फिरवलं; आणि बघता बघता ते पांढरे केस वळ्यावळ्यांनी वर चढले. हुबेहूब लेकीचे केस! "हे बघ," त्या म्हणाल्या, "तुझे कुठून आले ते."

लेक बघतच राहिली. "आजी, मग तू मोकळे का नाही सोडत?"

"आमच्याकडे म्हणायचे, कुरळ्या केसांची पोर हट्टी निघते. म्हणून आई तेल थापून आवळून बांधायची. तीच सवय लागली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, हे केस ओढून ऐकायचे नाहीत. ह्यांची समजूत काढावी लागते. आणि तीसुद्धा ओले असताना."

मैत्रिणींनो, ह्या एका वाक्यात सगळं आलं. मी नंतर थोडं वाचन केलं, तेव्हा त्यामागचं शास्त्रही कळलं. केस ज्या मुळातून उगवतो ते मूळच कुरळ्या केसांत वाकडं असतं आणि केस आडवा कापून पाहिला तर गोल न दिसता चपटसर दिसतो. त्यामुळे तो वाढतानाच वळत येतो. डोक्याच्या त्वचेतून जे नैसर्गिक तेल पाझरतं, ते सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसांत मात्र ते वळणावळणाला अडतं. म्हणून मुळाशी केस तेलकट आणि टोकाशी कोरडेठाक. थोडक्यात, हे केस द्वाड नसतात, तहानलेले असतात.

दुसरी गोष्ट. केसाला आकार देणारे काही बंध अगदी नाजूक असतात. पाणी लागलं की ते सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. वाळताना केस ज्या आकारात असेल तोच आकार तो धरून ठेवतो. ओल्या बटा एकत्र राहिल्या, तर वाळूनही एकत्र राहतात. वाळल्यावर कंगवा फिरवला, की एकेक केस सुटा होऊन पिंजतो. पावसाळ्यात हवेतलं दमट पाणी कोरड्या केसांत शिरतं आणि हेच बंध सुटतात, म्हणून केस फुगतात. माझ्या वर्गातल्या त्या मुलीचे केस दोनदा विंचरल्यामुळेच तसे दिसत होते, हे मला तेव्हा कुठं उमगलं.

आता कृतीकडे वळू. आमच्या घरी तीन-चार महिने चुकतमाकत जे जमलं, तेच सांगते.

न्हाण्याआधी : खोबरेल तेल किंचित कोमट करून तासभर आधी केसांना लावावे, विशेषतः टोकांना. थापू नये. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. तिघांत फक्त खोबरेल तेलामुळे केसांतल्या प्रथिनांची झीज कमी झाल्याचं त्यांना दिसलं, कारण ते केसाच्या आत मुरतं. आपल्या आज्या शहाण्या होत्या त्या अशा!

धुताना : आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. शाम्पू असो की शिकेकाई, ती डोक्याच्या त्वचेला चोळावी. केसांवरून फक्त तिचं पाणी ओघळू द्यावं. नुसत्या रिठ्यानं आमच्याकडे केस फार कोरडे पडले, म्हणून आता रिठा नावापुरता आणि शिकेकाई जास्त असं प्रमाण ठेवलंय. पाणी कोमट, कढत नको.

गुंता काढताना : जास्वंदीची दहा-बारा ताजी पानं धुवून दोन वाट्या पाण्यात तासभर भिजत घालावी. मग हातानं चांगली कुस्करावी आणि गाळून घ्यावी. हिरवट, बुळबुळीत पाणी मिळतं. ते धुतलेल्या ओल्या केसांना लावून पाच मिनिटं थांबावं. आता मोठ्या दातांचा कंगवा घ्यावा (नाहीतर आपली बोटं आहेतच) आणि टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जावं. मुळापासून खाली ओढू नये; त्यानं सगळा गुंता टोकाशी गोळा होतो. पानं मिळाली नाहीत तर नारळाचं अर्धी वाटी घट्ट दूध चालतं. मात्र ते फडक्यातून दोनदा गाळावं. पहिल्या वेळी मी एकदाच गाळलं आणि लेकीच्या केसांतून दोन दिवस खोबऱ्याचा चव निघत होता! दोन्हींपैकी काहीही लावलं, तरी शेवटी साध्या पाण्यानं केस नीट धुवावेत.

आणि आता मुख्य पाककृती, जवसाचा जेल. काही घरांत जवसाला अळशी म्हणतात. चटणीला वापरतो तेच दाणे. पण भाजलेले नकोत आणि पूडही नको.

साहित्य : पाव वाटी कच्चे जवस, दोन वाट्या पाणी.

कृती : जाड बुडाच्या पातेल्यात दोन्ही एकत्र करून मध्यम आंचेवर ठेवावे. उकळी आली की आंच कमी करून ढवळत राहावे, नाहीतर दाणे बुडाला लागतात. सात ते दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं दिसू लागतं आणि चमचा वर उचलला की तार सुटते. लगेच गॅस बंद करून गरम असतानाच गाळावं. ही गोष्ट विसरू नका. पहिल्या दिवशी मी 'गार झाल्यावर गाळू' म्हणून भाजी चिरायला बसले आणि त्याचा असा गोळा झाला की गाळण्यातून थेंब उतरेना. गाळायला जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा उत्तम. हात भाजू नये म्हणून तो वाटीवर बांधून वर चमच्यानं दाबावं. गार झाल्यावर त्यात पाव चमचा खोबरेल तेल घोटून स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरावं.

हा जेल फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो. त्यात टिकाऊपणासाठी काही घातलेलं नाही, तेव्हा आंबूस वास आला की बिनदिक्कत फेकून द्यावा. एकदम जास्त केला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवावा आणि लागेल तसा खडा काढावा. जवस घरात नसतील तर सहा-सात कोवळ्या भेंड्यांच्या चकत्या दोन वाट्या पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळून गाळाव्या. जेल थोडा पातळ होतो, पण काम करतो.

लावण्याची पद्धत : केस चांगले ओले हवेत, पाणी टपकत असलं तरी चालेल. डोकं पुढे वाकवून केस खाली सोडावे. दोन चमचे जेल तळव्यांवर पसरून केसांवरून अलगद फिरवावा. मग टोकं ओंजळीत धरून मुळांच्या दिशेनं वर दाबावी, सोडावी, पुन्हा दाबावी. हाताला चपचप आवाज आला म्हणजे ओल बरोबर आहे. त्यानंतर टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. केसावर घराच्या कौलांसारखे बारीक खवले असतात. ते घासले की उचकटतात आणि एकमेकांत अडकतात. म्हणून जुना सुती सदरा किंवा मऊ पंचा घेऊन नुसतं टिपावं. आणि मग, मैत्रिणींनो, सर्वांत अवघड भाग : पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही! पंख्याखाली बसून गोष्टीचं पुस्तक वाचावं.

वाळल्यावर केस कडक लागतील. घाबरू नका. तळव्यावर दोन थेंब खोबरेल चोळून बटा हलकेच दाबल्या की कडकपणा जातो आणि वळणं तेवढी उरतात. केसांवर पांढरी पापडी दिसली, तर जेल जास्त झाला असं समजावं आणि पुढच्या वेळी निम्मा घ्यावा.

रात्री झोपताना केस डोक्यावर वर घेऊन सैल बांधावे. सुती अभ्र्यावर घासून ते पिंजतात, म्हणून मी जुन्या विरलेल्या रेशमी साडीच्या पदराचा अभ्रा शिवला. साडी लग्नातली, टाकवत नव्हती आणि नेसवतही नव्हती. सकाळी केस विंचरू नयेत. ओला हात फिरवून, बटा दाबून बसवाव्या.

"पण शाळेत तर दोन वेण्या लागतात," असं तुम्ही म्हणाल. लागतात ना. केस किंचित ओलसर असतानाच बोटांनी भाग पाडून, पुढून जेलचा हात फिरवून सैल वेण्या घालाव्या. आवळू नका. रोज करकचून ओढलेल्या केसांमुळे कपाळाजवळचे केस कालांतरानं विरळ होतात.

सासूबाईंची शंका वेगळी होती. "रोज फणी फिरवली नाही तर उवा होतील त्याचं काय?" शंका रास्त आहे, पण उवा केस कुरळे की सरळ ते पाहत नाहीत. आठवड्यातून एकदा, वर सांगितलेलं जास्वंदीचं पाणी लावलेल्या ओल्या केसांत गुंता काढून झाल्यावर बारीक फणी फिरवावी. ओल्या केसांत उवांना पटकन पळता येत नाही, सापडतातही चटकन. आणि पोर रडत नाही.

काही गोष्टी मात्र करू नका. खाण्याचा सोडा केसांना लावू नये. त्यानं खवले उघडे पडून केस राठ होतात. नुसता लिंबाचा रस चोळू नये. अंडं लावलंच तर कढत पाण्यानं धुऊ नये, डोक्यावर भुर्जी होते! घरगुती असो की विकतचं, काहीही नवीन लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. आणि डोक्यात फोड आले किंवा चकत्या पडून केस गळू लागले, तर स्वयंपाकघरात उपाय न शोधता त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं.

राहिला प्रश्न पार्लरचा. लेकीच्या हट्टापायी मी चौकशी करून आले होते. दहा वर्षांच्या मुलीचं ऐकूनही त्यांनी "करून देऊ" म्हणून सांगितलं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की केस कायमचे सरळ करण्याच्या काही औषधांत फॉर्माल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर त्यांतून बाहेर पडतं. डोळे-घसा चुरचुरतो तो त्यानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली त्याची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. आणि एवढं करूनही मूळ बदलत नाही. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर केस वाढतो आणि नवा येतो तो कुरळाच. मोठ्या बायकांनी समजून-उमजून काय करावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. गंमत बघा, आमच्या आईच्या तरुणपणी, सत्तर-ऐंशीच्या दशकांत, सरळ केसांच्या बायका पैसे मोजून पर्म करून घेत होत्या! पण कुणी चिडवतं म्हणून लहान मुलीच्या डोक्यावर औषधं ओतायला माझं मन धजावलं नाही.

स्नेहसंमेलनात माझी लेक मागच्याच रांगेत नाचली. पुढं आणा म्हणून मी सांगायला गेले नाही. तिनंच नको म्हटलं. पण केस मोकळे होते, वळण्यावळण्यांचे, आणि कापलेल्या बटेच्या जागी आजीनं अबोलीचा छोटासा गजरा माळला होता. आता रविवारी सकाळी आजी आणि नात एकाच वाटीतून जेल घेतात. अंबाडा सुटलाय असं मात्र नाही हं. "बाहेर जाताना अंबाडाच बरा," असं सासूबाई म्हणतात. घरात मात्र केस खांद्यावर असतात.

आणि माझ्या वर्गातली ती मुलगी? दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा मधल्या सुट्टीत मी तिला बोलावलं. मनात घोळवलेलं वाक्य ऐन वेळी विसरले. नुसतं म्हटलं, "जूनमध्ये मी तुला केसांवरून बोलले होते ना, ते माझं चुकलं. वर्गासमोर बोलले होते, तेव्हा वर्गासमोरच सांगेन म्हणते." ती घाईघाईनं म्हणाली, "नको बाई, पुन्हा सगळे हसतील." तेही खरंच होतं. मी तिच्या आईसाठी एका कागदावर जवसाची कृती लिहून दिली. तिनं चार घड्या करून कंपासपेटीत ठेवली.

परवा डबा खाताना ती माझ्या टेबलाशी आली. "बाई, आई विचारतेय, गाळून उरलेल्या जवसांचं काय करायचं?"

मी म्हटलं, "कुंडीत घालायला सांग, मातीत मिसळून. आणि आईला म्हणावं, पाव वाटीला दोनच वाट्या पाणी, जास्त नको."

तुमच्याही घरी कुरळ्या केसांचं कुणी असेल तर येत्या रविवारी हा प्रयोग करून पाहा आणि अनुभव जरूर कळवा. पुढच्या खेपेला थंडीत फुटणाऱ्या टाचांविषयी.